पडद्यामागचा नारिंगी

गोथेनबर्ग, ४ नोव्हेंबर

तूवाने अर्ज केलाय! आमच्याच वाद्यवृंदात, व्हिओलावादकाच्या जागेसाठी. पोटची पोर, पण कळलं तिच्या मैत्रिणीकडून. आणि परीक्षकांत मी!

ओळखीचं कुणी असेल तर आधी सांगायचं, बाजूला व्हायचं, असा नियम. पण मी उठले की दुसरा परीक्षक आर्विड, त्याचंच चालणार. त्याला तूवासारखे भरदार वाजवणारे डोळ्यांपुढे नकोत. तोंड उघडणार नाही मी. पकडले गेले तर नोकरी जाईल— जाऊ दे.

५ नोव्हेंबर

झोप नाही. दोन वर्षं आमच्यात बोलणं नाही. तिचं शेवटचं वाक्य अजून टोचतं— "आई, तू मला ऐकतच नाहीस. नुसते रंग बघत बसतेस!"

बघते तर बघते! सूर कानात शिरला की मला रंग दिसतो, त्याला मी काय करू? तूवाचा नारिंगी. उन्हाळ्यात आम्ही रानातल्या नारिंगी बेरीचा मुरंबा घालायचो, अगदी तसा. आठ वर्षांची होती तेव्हापासून. पडदा लावा नाहीतर भिंत बांधा, मी तिला ओळखणारच.

७ नोव्हेंबर

झालं एकदाचं. आमच्या आणि उमेदवारांच्या मध्ये पडदा लावला. बुटांच्या आवाजावरूनही कुणी ओळखू येऊ नये म्हणून गालिचा अंथरला. उमेदवारांना फक्त नंबर.

एक नंबर— राखाडी. भांडी विसळलेलं पाणी. सूर चोख, पण जीव नाही. आर्विड म्हणाला, "छान आहे की! घेऊ या पुढे."

"छे! गार झालेली कॉफी नुसती!" इतकं ठासून बोलले की बाकीचे डळमळले. एका मताच्या फरकाने बाद. मला काय, मी तूवाची वाट बघत होते.

तीन नंबर— नारिंगी! कागदावर ठसठशीत 'हो' लिहिलं. मग आर्विडशी कडकडून भांडले. "आज झालंय काय तुला?" म्हणाला. पण जिंकले!

पडदा सरकला. एक उंच, दाढीवाला तरुण. लाजून हसला.

टाळ्या वाजवल्या मी. म्हणजे तूवा आलीच नाही. हायसं वाटलं की वाईट, मलाच कळत नाही.

८ नोव्हेंबर

सकाळी तूवाचा मेसेज. दोन वर्षांनी.

"आई, एक नंबर मी होते. कोणता रंग दिसला?"