दुसरा डबा

प्रिय बारक्या,

चौदा महिन्यांनी लिहितेय. पाकीट न फोडता ठेवून दिलंस तरी मी काय बोलणार? पण तू लहानपणापासून भोचक, फोडशीलच. मी बरी आहे. बाबांची खोली रंगवून घेतली. भिंतीवर छातीइतक्या उंचीला पाण्याची रेघ उमटली होती, ती रंगाचे दोन हात देऊनही अंधूक दिसते. त्यांचा रेडिओ वाळवून पाहिला, पण तो कायमचा गेलाय.

रेडिओ केंद्रात तुझ्या जागी एक बाई आल्यात, कामाला चोख. सकाळचं प्रसारण सुरू होण्याआधी त्याही आपली ती परीक्षा करतात. स्टुडिओतला आवाज ट्रान्समीटरकडे नेणाऱ्या दोन वायरींपैकी पहिली उपटायची, दहा मोजायचे, दुसरीवरून आवाज अखंड येतोय ना ते ऐकायचं आणि वहीत खूण करायची. तुला शिकवलं तेव्हा तू म्हणाला होतास की चालत्या माणसाचा पाय ओढून तो पडतो का बघायचं, असली कसली गं तुझी नोकरी. मी तुझ्या टाळक्यात टपली मारली होती. पण नंतर एक दिवसही तू ती परीक्षा चुकवली नाहीस, हे मला पक्कं ठाऊक आहे.

त्या दुपारी धरणाचं पाणी सोडल्याचा इशारा निवेदकाने वाचायला घेतला आणि पहिल्याच वाक्यात आवाज गेला. अकरा मिनिटं. रेडिओ मध्येच गप्प झाला तशी शेजारच्या शिंप्याला शंका आली. वरच्या मजल्यावर चला म्हणून तो बाबांना बोलवायला गेला. बाबा जागचे हलले नाहीत. माझी पोरं आहेत तिथं, आत्ता आवाज आणतील, तेवढं ऐकतो आणि येतो, म्हणाले. हे शिंप्याने आपल्या दोघांसमोर सांगितलं होतं. तू तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसलास. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला. बहीण असावी तर अशी, असं कुणीतरी म्हणालं. त्या हाताची मला आजही शिसारी येते.

चौकशी समितीला दिसलं ते असं: पहिल्या वायरीचा स्विच, म्हणजे वायर खोचून आवाज पुढे पाठवणारा तो चपटा डबा, जळालेला, दुसरीचा धडधाकट. म्हणजे दुसरी वायर चालायलाच हवी होती. ती चालली नाही, तेव्हा तू परीक्षा न करताच खुणा केल्यास, असं त्यांनी ठरवलं. तुझी नोकरी गेली. आणि वेड्या, तूही ते खरं मानलंस. आपल्याच हातून काहीतरी राहिलं असणार, म्हणालास आणि गाव सोडलंस.

दोन वायरींना दोन वेगळे डबे, हा नियम माझाच. पण आठवडाभर आधी शाळेच्या सभागृहातून थेट प्रसारण होतं आणि एक डबा कमी पडला. मी दुसरा काढून नेला आणि दोन्ही वायरी पहिल्यातच खोचल्या. एका दुपारपुरत्या. परत आले ती थकून. उद्या बसवू म्हटलं आणि डबा गाडीच्या डिकीत राहिला. रोज तू वायर उपटायचास, दुसरी चालायची, परीक्षा पास! डबा मात्र एकच उरलाय हे तुला कळणार कुठून? त्या दुपारी तोच जळाला आणि दोन्ही वायरी एकदम मुक्या झाल्या. आणि तू बाबांना शोधायला पाण्यात धावलास ना, तेव्हा मी डिकीतला डबा आणून गुपचूप जागेवर बसवला आणि दुसरी वायर त्यात खोचली.

काल समितीला हे सगळं लिहून, सही करून दिलं. प्रत सोबत जोडली आहे. ते तुला बोलावतील, तेव्हा मला वाचवायला जाऊ नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. त्यांच्या आधी माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. माफी मागत नाही, ती मागायचं तोंड मला उरलेलं नाही. बाबा ज्या आवाजाची वाट बघत बसले, तो तू बंद पाडला नव्हतास रे. मी पाडला.

तू म्हणू देशील तोवर तुझीच,
ताई