सभापतीचं पोतं

कोपरगाव, ८ जानेवारी १९७३

सभापती का थरथरतो ते आज कळलं. न कळतं तर बरं होतं.

आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याची ही थरथर दिवाळीपासूनची. गुरांचे डॉक्टर म्हणाले, वय झालं. शेजारी राहणारे माझे थोरले बंधू, अण्णा, म्हणाले, "अरे, थंडी वाजते त्याला. पोत्यात गुंडाळ." पोतंही त्यांनीच दिलं. मी रोज संध्याकाळी गुंडाळायचो, तो जास्तच कापायचा.

आज गडी शिरपाला राहवलं नाही. "थंडी न्हाई, मालक. पोतं बगून कापतंय. दिवाळीत तुमी पुण्याला गेल्ता, तवा अण्णा म्हनले, दुष्काळात म्हाताऱ्या कुत्र्याला भाकरी कशाला? ह्याच पोत्यात बांधून गोदावरीपल्याड सोडायला लावलं. तिसऱ्या दिशी आलं चालत."

"कुणाला लावलं?"

"मलाच की."

ह्याच पोत्यात! अण्णा विसरले असतील? छे. अख्ख्या तालुक्याच्या ढोंगावर मी वर्तमानपत्रात लिहिलं, हे ढोंग मात्र रोज माझ्याच ओट्यावर चहा पिऊन विचारायचं, "सभापती कसा आहे रे?"

पोतं चुलीत घातलं. पण सभापतीला काय सांगू? त्याच्या लेखी, रोज त्याला बांधायला घेणारा मीच.