भोंगा बोलला तेव्हा

मंगळवार, संध्याकाळ

ओतूरच्या भंगारातून आणलेला भोंगा आज बोलला. देवळातला बंद पडलाय, त्याच्या जागी बसवायचाय. आतला फाटका पडदा बदलला आणि अंगणात नुसतं ‘हॅलो, हॅलो’ म्हणालो, तर शेजारच्या गंगूमावशी पिठाच्या हातांनी धावत आल्या.

“कोण गेलं रं?”

मला कसं सुचलं नाही? या वेळेला गावात भोंगा लागतो तो कुणी गेल्यावरच. आणि त्यांचे यजमान, तात्या, महिना झाला दवाखान्यात.

“कुणी न्हाई मावशी, मीच व्हतो.”

त्या खांबाला धरून खाली बसल्या. जाताना म्हणाल्या, “आवाज लई साफ येतोय.”

पिठाची बोटं अजून खांबावर आहेत. पुसवत नाहीत.

सकाळी देवळातले लोक भोंगा न्यायला येतील. मघाशी मी जोडलेली वायर पुन्हा सोडवून ठेवली. सांगेन, अजून जमला नाही.