काकांचा सामाईक डबा आणि माझा विजय

लातूर, मंगळवार

तीर्थस्वरूप संगप्पामामांना सुकन्याचं शरणु शरणार्थी. गुडघा कसा आहे? मामीनं दिलेलं तेल लावता, की नायगावच्या पारावर बसून दुसऱ्यांच्या गुडघ्यांवर उपाय सांगता? फोन मुद्दाम केला नाही. तुम्ही तो स्पीकरवर ठेवता आणि मग निम्मी गल्ली मला सल्ले देते.

मामा, तुमची भाची जिंकली! अण्णांची अट तुम्हाला ठाऊकच आहे. लातूरची नोकरी आहे तोवर लग्नाचा विषय नाही; नोकरी गेली की जळकोटला परत, आणि आलेल्या पाहुण्यांपुढे पोह्यांच्या बशा घेऊन उभं राहायचं. ती नोकरी परवा जाता जाता राहिली. एका कोचिंग क्लासचं सराव परीक्षेचं ॲप सोमवारी द्यायचं होतं. कोड लिहून तयार होता. पण त्या कोडचं चालतं ॲप बनवणारं जे साधन असतं (आम्ही बिल्ड टूल म्हणतो, तुम्ही गिरणी समजा), ते दर वेळी अर्ध्यात थांबायचं आणि म्हणायचं, परवानगी नाही. क्लासवाले काम दुसऱ्याला द्यायची भाषा करू लागले, आणि आमचे मालक रामलिंगकाका माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागले की मला जळकोटची एसटी दिसायला लागली.

रामलिंगकाका मूळचे डाळमिलवाले. माल एकाच छताखाली हवा, हा त्यांचा हट्ट. म्हणून आम्ही कुणीच आपलं काम आपल्या कॉम्प्युटरवर ठेवायचं नाही. नेटवर्कनं जोडलेल्या एका सामाईक डब्यात ठेवायचं. (खंडेनवमीला त्या डब्याला हळदकुंकू लागतं. झेंडूच्या पाकळ्या अजून त्याच्या फटींत आहेत.) मग आमच्या आदर्शनं डोकं चालवलं. हा माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो आणि विचार करण्याआधी बटण दाबतो. त्यानं डब्यातल्या ॲपच्या फोल्डरवर सगळ्यांना सगळे अधिकार देऊन टाकले. "समद्याला समदं देऊन राहिलो, आता ह्याला काय जीव देऊ?" तरी तेच. मग पठ्ठ्यानं डब्याच्या मुख्य खात्यावरून बिल्ड चालवलं. अर्धवट फायली त्या खात्याच्या नावावर गेल्या आणि आम्हाला आमचाच कचरा पुसता येईना. काकांनी नारळ फोडला, तोही नासका निघाला.

मी मात्र एक गोष्ट पाहिली. फायली डब्यात तयार होत होत्या! म्हणजे लिहायला बंदी नव्हतीच. टूल फाइल लिहून झाल्यावर तिच्यावर स्वतःचा शिक्का मारायला जायचं (कुणी उघडायची, कुणी चालवायची), आणि तिथं डबा अडवायचा. मी काकांना विचारलं, तुमच्या गोदामात कुणी पोतं ठेवलं तर चालेल, पण आत येऊन पोत्यांवर आपलाच शिक्का मारायला लागला तर? "हात मोडीन त्याचा," काका म्हणाले. मी म्हटलं, तुमचा डबाही तेच करतोय. मग बिल्डची कच्ची उठाठेव सगळी माझ्या कॉम्प्युटरवर हलवली आणि तयार ॲपची तेवढी नक्कल डब्यात ठेवली. एका दमात झालं! ॲप गेलं, पेढे आले, नोकरी पक्की झाली. काका आता येईल त्याला सांगतात, पसारा आपल्या जागी करावा आणि गोदामात तयार मालच आणावा. जणू ही रीत त्यांच्या आजोबांनी घालून दिली होती. सांगू देत. मला काल दिवसभर जमिनीवर पाय ठेवावासा वाटला नाही.

मामीला नमस्कार.

तुमची भाची,
सुकन्या

ता. क. आता अण्णांना लग्नाचा विषय काढता येणार नाही.

आणखी ता. क. तो मला काढायचा आहे. आदर्शबद्दल वर लिहिलं ते सगळं खरं आहे, तरी लग्न त्याच्याशीच करायचंय. तो आपल्या जातीतला नाही. अण्णा आधी ओरडतील, मग तुमच्याकडे बघतील. तेव्हा तुम्ही फक्त "हाव" म्हणा. तुमचा शब्द ते मोडत नाहीत. बाकी कच्चा पसारा इकडेच उरकलाय. त्याच्या आईला मी पसंत आहे, रुसवेफुगवे झाले, मिटलेही. रविवारी तयार माल घेऊन नायगावला येते. त्याला गुडघ्यांबद्दल काही विचारू नका, तो लगेच उपाय करायला लागेल.