आक्कानं मांडलेलं वेगळं ताट

पिंपळवंडी, शनिवार, १३ डिसेंबर २००८

आज जेवायला बसले तर आक्कानं स्वतःचं ताट वेगळं वाढून घेतलेलं. मी आले की आम्ही दोघी बहिणी एकाच ताटात जेवतो, लहानपणापासून. मला वाटलं, रुसली.

"तुझ्या अंगात शिरलं म्हंजे?" म्हणाली.

मग उलगडा झाला. तिची लेक सुजाता पुण्यात प्रयोगशाळेत काम करते. आक्काच्या स्तनातल्या गाठीविषयी बोलताना काल तिनं सांगितलं, की कॅन्सरच्या पेशी डोळ्यांना न दिसणाऱ्या इवल्या पिशव्या बाहेर सोडतात. त्या रक्तातून पुढे जाऊन फुप्फुसात नाहीतर हाडात जागा तयार करतात, मग मागून आलेला रोग तिथं रुजतो. 'बाहेर सोडतात' एवढंच आक्कानं धरलं.

"अगं, पेशीच्या बाहेर. तुझ्या अंगाबाहेर नाय."

"तू डाक्टर हाईस का? गोष्टी तर लिव्हतीस."

वेगळं ताट! आईला दुसऱ्यांच्या दारात चहा मिळायचा तो वळचणीला खोचलेल्या वेगळ्या कपात. आम्ही बौद्ध झालो तरी तो कप काही वर्षं तिथंच होता. आणि आता आक्कानं आपल्याच हातानं... रागवावं कसं? माझ्यासाठीच केलं ना तिनं.

त्या पिशव्या तिच्या अंगात कुठवर पोचल्यात, कुणाला ठाऊक. ते माझ्या हातात नाही.

मी सरळ तिच्या ताटातली भाकरी मोडली. हातावर चापट बसली.

"केस पिकलं तरी माझंच खातीस," म्हणाली, आणि वांग्याची मोठी फोड माझ्याकडे सारली.