रंग दिसलेला नमुना

ती. बाबांस,
धाकटीचा नमस्कार. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. तुमचा गुडघा काय म्हणतो?

पेपरातला माझा आणि आमच्या प्रयोगशाळेच्या सरांचा फोटो तुम्ही साऱ्या शेजाऱ्यांना दाखवताय, असं ताई म्हणाली. बाबा, तो आता आत ठेवून द्या.

खोल खडकात जगणारे जीवाणू शोधायला खाणीच्या तळाशी भोक पाडताना आम्ही ड्रिलच्या पाण्यात रंग मिसळतो. बाहेर काढलेल्या खडकाच्या नमुन्यात रंग दिसला, की समजायचं, यातले जीवाणू ड्रिलच्या पाण्यातून आलेत, खोलवरचे नाहीत. आमच्या नमुन्यात रंग दिसला. मी सरांना दाखवला. "बरं झालं पाहिलंस, पुन्हा खोदू," म्हणाले. आणि माझी पाठ वळताच तोच नमुना नवा शोध म्हणून जाहीर केला, माझ्या नावासकट!

जाब विचारला तर हसले. "अगं वेडे, तुझंच भलं केलं ना?" मी आजारी असताना याच माणसाने रोज घरचा डबा आणून दिला होता. त्याचंच जास्त लागलं.

त्या शोधातून माझं नाव काढा, असं मी सरांच्याही वरच्यांना कळवलंय. नोकरी बहुधा जाईल. आईला हळूच सांगा, आणि माझी खोली झाडून ठेवा.

तुमचीच,
धाकटी