रस्त्याच्या अलीकडचं तळं

४ जानेवारी, सकाळ

नव्या वर्षाचे संकल्प. रोज चालायला जायचं. डब्यातलं सूप कमी करायचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रस्त्यापलीकडे बघायचं नाही.

माझी बायको ग्लेनिस ऑक्टोबरपासून पलीकडे राहते, जुन्या लोहारखान्याच्या माडीवर. तात्पुरती. विचार करायला शांतता हवी म्हणाली. आता आपल्या घरात मी बोललो नाही तर दुसरा आवाजच नसतो, मग आणखी कसली शांतता हवी? जाताना दारात म्हणाली, डेस, तू माझ्याशी बोलत नाहीस, तू मला कळवतोस. खरं आहे. गावपत्रकातलं ‘आपला परिसर’ हे सदर कोण लिहितं? कळवणं ही माझी जबाबदारीच आहे.

शिवणयंत्र नेलेलं नाही. परत यायचं नसेल तर कुणी शिवणयंत्र मागे ठेवून जाईल का?

खिडकी: दोनदा. पण दुसऱ्यांदा खरं तर हवामान बघत होतो.

११ जानेवारी

पॅरिश कौन्सिलची, म्हणजे आमच्या गावपंचायतीची, मीटिंग. चर्चचा हॉल, हीटर बंद, सगळे कोट घालून. माझा ठराव मंजूर झाला!

कल्पना इतकी सोपी आहे की आजवर कुणाला कशी सुचली नाही कळत नाही. दर वसंतात आमच्या मागच्या रानातले बेडूक अंडी घालायला रस्ता ओलांडून लोहारखान्यामागच्या तळ्यावर जातात आणि गाड्यांखाली चिरडले जातात. ग्लेनिस इतकी वर्षं नारिंगी जाकीट घालून, संध्याकाळी बादलीतून त्यांना पलीकडे नेऊन सोडते. मी त्यावर पत्रकात लिहितो. असं आमचं जोडीनं काम. आता तळंच अलीकडे खणलं, माझ्या कुंपणाला लागून, तर कुणाला ओलांडायला नको. बेडूक इकडे, म्हणजे काम इकडे, म्हणजे ग्लेनिस इकडे. हे शेवटचं ठरावात घातलेलं नाही.

अध्यक्षबाई मिसेस प्राउट म्हणाल्या, पण डेस्मंड, बेडकांना विचारलंय का कुणी? सगळे हसले. गंभीर माणसं कमी पडतात म्हणून कौन्सिलचं असं होतं.

‘ग्लेनिसचं तळं’ असं नाव सुचवलं. चिटणीस मिस पेनफोल्ड लिहिता लिहिता थांबल्या. तिला विचारलंय का? म्हटलं, सरप्राइज आहे. जत्रेतल्या उरलेल्या केककडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. नाव पुढच्या मीटिंगवर ढकललं.

२ फेब्रुवारी

गावातल्या ट्रेव्हनं खोदाईचं यंत्र आणून खड्डा खणला. कडेनं लव्हाळी लावली, उतार केला, सगळं पुस्तकात आहे तसं. ट्रेव्ह म्हणाला, पाणी टिकेल साहेब, बाकीचं तुमचं तुम्ही बघा. बाकीचं म्हणजे काय, विचारलं. त्यानं इंजिन चालू केलं.

काठावर बाक ठेवला. दोघांचा. तिघांचाही मिळत होता, पण उगाच गर्दी नको.

इथून आमच्या स्वयंपाकघरात जायला किटलीत पाणी उकळेपर्यंतचा वेळसुद्धा लागत नाही. मोजायचं म्हणून नाही, सहज लक्षात आलं.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळ

पहिली उबदार, ओली संध्याकाळ. ते निघाले!

टॉर्च घेऊन बाकावर बसलो. पहिला आला, तळ्याला वळसा घालून पुढे गेला. दुसराही. तिसरा पाण्यात उतरला (उभा राहिलो, टाळी वाजवणार होतो), पोहत पलीकडच्या काठाला लागला, वर चढला आणि रस्त्याकडे चालू पडला. वाटेत आंघोळ.

रस्त्यावर ग्लेनिस होती. नारिंगी जाकीट, नवी बादली. केस कापलेत. चांगले दिसतात, सांगायचं राहिलं. ती म्हणाली, बेडूक जिथे जन्मला त्याच तळ्यावर जातो, डेस. दरवर्षी सांगत होते तुला. म्हटलं, मला आठवत नाही. म्हणाली, ते माहीत आहे मला.

नवी बादली कशाला? आपली शेडमध्येच आहे. मागितली असती तर दिली असती. उलट, बादली आणायला आली असती तर चहा झाला असता.

पत्रकासाठी: ‘नव्या तळ्याला बेडकांनी पहिली भेट दिली.’

२७ फेब्रुवारी

सवयीचा प्रश्न आहे. ओळख व्हायला हवी. आपल्या बादलीतून सगळे उचलून नव्या तळ्यात सोडले, झाकण ठेवावं तशी वर जाळी. सकाळी जाळी तिथेच, बेडूक नाहीत. संध्याकाळी तेच सगळे रस्त्याकडेला. एकाच्या डोक्यावर पांढरा डाग आहे, त्यामुळे ओळखला. त्यानंही मला ओळखलं असावं. तोंड फिरवलं.

सूप. टोमॅटोचं. चालायला गेलो नाही, पण बादली घेऊन बरीच चाल झाली.

३ मार्च

रस्त्याच्या कडेनं हिरव्या प्लास्टिकचं गुडघाभर कुंपण ठोकलं. प्रेमानं जमलं नाही तर थोडी शिस्त.

संध्याकाळी कुंपणापाशी त्यांचा ढीग झाला. एकावर एक चढत होते, पडत होते, पुन्हा चढत होते. काही खाली दबले. मी बाकावरून बघत होतो. थांबतील, थांबतील म्हणत होतो.

ग्लेनिस आली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओल्या गवतात गुडघे टेकून एकेक खुंटी उपटत गेली. मीही उपटू लागलो. म्हटलं, पाण्यात काही वाईट आहे का गं? तपासून घेऊ का? ती म्हणाली, पाणी चांगलं आहे, डेस. छान तळं केलंस. त्यांना इथे राहायचं नाहीये, एवढंच.

‘छान तळं केलंस’ म्हणाली. बऱ्याच दिवसांत पहिलं कौतुक. परिस्थिती सुधारते आहे.

१२ मार्च, संध्याकाळ

आता रोज तिच्याबरोबर रस्त्यावर असतो. स्वयंसेवक म्हणून रीतसर नाव दिलंय. तिनं नियम सांगितले: बेडकाचं तोंड जिकडे असेल तिकडेच न्यायचं. मागे कधीच आणायचं नाही. आपल्याला काय वाटतं त्याला अर्थ नाही.

नर रस्त्याच्या मधोमध बसून राहतात. का, विचारलं. मादी येईल म्हणून, ती म्हणाली. पुढे जात नाहीत, मागे जात नाहीत. सगळ्यात जास्त तेच मरतात. मूर्खपणाच. त्यावर विचार करत उभा होतो तेवढ्यात एक गाडी हॉर्न वाजवत अंगावर आली. ग्लेनिसनं बाहीला धरून ओढलं. म्हणाली, अरे बाजूला हो ना, डेस, तू पण!

बाहीला धरलं.

घरी मुरांब्याची नवी बाटली आहे, टोस्ट करतो, म्हटलं. ती बादलीत बघत राहिली. मग म्हणाली, शनिवारी शिवणयंत्र न्यायला येईन म्हणते.

१६ मार्च, शनिवार

घर झाडलं. सुपाचे डबे बाहेर नेले. दोन कप काढून ठेवले.

ती आली, कप बघितले, आणि आधी यंत्राकडे गेली. जुनं, लोखंडी बूड. एकटी उचलू बघत होती. तिला बाजूला केलं आणि मी घेतलं. सवयीनं ती रस्त्याच्या मधोमध जाऊन हात वर करून उभी राहिली, गाड्या थांबवायला. गाडी एकही नव्हती. मी यंत्र छातीशी धरून पलीकडे गेलो.

तिची खोली प्रथमच आतून बघितली. लहान आहे. टेबलावर निळं कापड, टाचण्या लावून ठेवलेलं. जाग्यावर यंत्र ठेवलं. इतके दिवस का नेलं नाहीस, विचारलं. खरं तर उत्तर मला माहीत होतं, फक्त तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

म्हणाली, जड होतं ना रे.

मग म्हणाली, तुझे केस वाढलेत. थंडीत टोपी घाल.

कप दोन्ही मीच संपवले. चहा थंड झाला होता.

२ एप्रिल

पत्रकासाठी मजकूर: ‘यंदाचा मोसम संपला. ज्यांना पलीकडे जायचं होतं त्यांना स्वयंसेवकांनी जमेल तितकं सुखरूप पोहोचवलं. त्यांचे आभार. नव्या तळ्याकाठी दोघांचा बाक आहे. बसायला जागा आहे.’

मिस पेनफोल्डनी विचारलं, शेवटचं वाक्य ठेवायचं का, मिस्टर विकर? त्यात बातमी काय आहे? म्हटलं, बातमी नाही, नुसतं कळवतोय. त्यांनी ठेवलं. वर बिस्किटांचा पुडा दिला, ताजा.

पलीकडे पडदे लागलेत. निळे. शिवण सरळ आहे, माप अचूक, मधे फट नाही. आता स्वयंपाकघराच्या खिडकीतून काही म्हणता काही दिसत नाही.

जानेवारीतल्या संकल्पांपैकी एक तरी पाळला गेला म्हणायचा.